मोजा घेण्याआधी पाय मोजा

आमच्या बचत गटाच्या पिठाच्या गिरणीवर मी बारा वर्षं उभी आहे. दळण घ्यायचं, तोलायचं, टाकायचं, डबा भरून द्यायचा. बसणं होतं ते लाइट गेली तरच. डाव्या पिंढरीवरच्या नसा आधी नुसत्या निळ्या दिसायच्या, मग गांडुळासारख्या वर आल्या. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडून खाजायला लागली. तालुक्याच्या एका मेडिकलमधून ‘व्हेरिकोजचे मोजे’, म्हणजे फुगलेल्या नसांसाठी पाय बाहेरून दाबणारे घट्ट मोजे, घेऊन आले. दुकानदाराने माप विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मोज्याची वरची पट्टी गुडघ्याखाली रुतून फोड आला आणि पाऊल आधीपेक्षा जास्त सुजलं. मोजे तीन महिने पेटीत पडून राहिले.

मोज्यात दोष नव्हता. तो माझ्या पायाच्या मापाचा नव्हता आणि मी तो घालत होते भर दुपारी, सुजलेल्या पायावर. नंतर सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं, नीट माप झालं, आणि आज दीड वर्ष मी तो मोजा घालून गिरणी चालवते. कापूस वेचणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बाया दळणाला येतात तेव्हा माझा पाय बघून विचारतात, आणि मी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगते. तेच इथे लिहून ठेवते.

१. मोजा आत नेमकं काय करतो

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मलाही हे समजलं तेव्हाच मोजा नीट घालता आला.

हृदयाकडून पायाकडे रक्त आणतात त्या धमन्या, आणि पायाकडून परत वर नेतात त्या नीला. आपण ‘नसा फुगल्या’ म्हणतो त्या या नीला. धमनीतल्या रक्तामागे हृदयाचा जोर असतो. नीलेतल्या रक्ताला मात्र घोट्यापासून छातीपर्यंत चढ चढायचा असतो, आणि तो चढवण्याचं मुख्य काम पिंढरीचा स्नायू करतो.

विहिरीवरची मोटर डोळ्यांपुढे आणा. सक्शन पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली उतरू देत नाही. नीलेत अशा झडपा ठिकठिकाणी असतात. पाऊल टाकलं की पिंढरी आवळते आणि खोलवरच्या नीलेतलं रक्त वर ढकललं जातं. पिंढरी सैल पडली की वरची झडप मिटलेली राहते, आणि कातडीखालच्या नीलांतलं रक्त आतल्या रिकाम्या झालेल्या नीलेत ओढलं जातं. फूटव्हॉल्व्ह गळका झाला तर मोटर बंद होताच पाइप रिकामा होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. झडप गळकी झाली की पायात तसंच होतं, वर चढलेलं रक्त पुन्हा खाली येऊन साचतं.

आकड्यांत सांगते. हालचाल न करता उभं राहिलं की घोट्याजवळच्या नीलेत साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा (बीपी मोजतात तेच माप) दाब असतो. छातीपासून घोट्यापर्यंत रक्ताचा जो उभा स्तंभ तयार होतो, त्याचा हा भार. निरोगी माणूस चालायला लागला की काही पावलांतच तो २० ते ३० वर येतो. झडपा बिघडलेल्या माणसाचा दाब चालूनही फारसा उतरत नाही. मग रक्तातलं पाणी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, त्याची सूज होते. तांबड्या पेशीही बाहेर पडतात, त्यांतलं लोह कातडीत साठतं आणि घोट्याजवळ काळपट डाग पडतो. ती कातडी कमजोर होते आणि एखाद्या दिवशी फुटते. माझा पाय काळपटपणापर्यंत आला होता.

मोजा बाहेरून दाबतो. त्याने कातडीखालची फुगलेली नीला अरुंद होते, तिच्यात साचणारं रक्त कमी होतं. नळीचं तोंड दाबलं की पाणी जोरात निघतं, तसं नीलांतलं रक्तही अरुंद जागेतून जास्त वेगाने वर सरकतं. नीला फुगून एकमेकांपासून लांब गेलेले झडपेचे पापुद्रे काही प्रमाणात जवळ येतात आणि रक्त उलटं येणं कमी होतं. मांसात बाहेरून दाब वाढल्यामुळे पाण्याचं झिरपणंही घटतं. शिवाय चालताना पिंढरी फुगते तेव्हा मोजा मागे सरत नाही, त्यामुळे तिचा सगळा जोर आत नीलेवर जातो. म्हणूनच मोजा घालून चालणाऱ्याला जास्त फायदा होतो, आणि मोजा घालून एका जागी उभं राहणाऱ्याला कमी.

हा दाब घोट्याजवळ सर्वांत जास्त असतो आणि वर जाताना कमी होत जातो. यामागची एक गोष्ट मला फार आवडते. कॉनराड जॉब्स्ट नावाचा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत राहणारा इंजिनिअर होता. त्याचे स्वतःचे पाय नीलांच्या आजाराने दुखायचे. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आलं. पाणी खोल तितका दाब जास्त, म्हणजे पावलाजवळ सर्वांत जास्त. तोच उतरता दाब त्याने १९५० च्या सुमारास मोज्यात आणला. अंदाज यावा म्हणून सांगते, एक फूट खोल पाण्याचा दाब सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्याएवढा असतो.

मोजा झडप दुरुस्त करत नाही. काढला की दाब गेला. फुगलेल्या नसा कायमच्या काढायच्या असतील तर लेझर, रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा ऑपरेशन हे वेगळे उपाय आहेत, ते डॉक्टरांशी बोला.

२. दवाखान्यात जाताना सोबत काय न्यायचं

आमच्याकडून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज म्हणजे अख्खा दिवस जातो. कागद राहिला तर दुसरी खेप पडते. पिशवीत हे ठेवा:

• आधार कार्ड आणि रेशन कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असतो. ऑपरेशनची गोष्ट निघाली तर आधी तिथे विचारा.
• शुगर, बीपी, हृदय यांच्या चालू गोळ्या. नाव आठवत नसेल तर रिकामं पाकीटच न्या.
• सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी झालेली असेल तर कार्ड किंवा रिपोर्ट.
• आधीची सोनोग्राफी, बाळंतपणाचे किंवा ऑपरेशनचे कागद. पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल तर तो कागद सर्वांत वर ठेवा.
• घरी घेतलेल्या मापाची चिठ्ठी. ती कशी करायची ते चौथ्या पायरीत आहे.
• सैल सलवार किंवा गुडघ्याच्या वर सहज जाईल असं लुगडं. पाय मांडीपर्यंत तपासतात.

पायाची डॉपलर सोनोग्राफी (नसांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी) सांगितली तर एक गोष्ट विचारून घ्या. नुसती रक्ताची गाठ आहे का हे बघायला झोपवून तपासणी चालते. पण झडपा गळतात का हे बघायचं असेल तर पायावर वजन नसताना उभं करून बघावं लागतं. माझी पहिली डॉपलर झोपूनच झाली आणि रिपोर्टमध्ये ‘गाठ नाही’ एवढंच आलं. झडपांचा शब्दही नव्हता.

३. आधी धमनी तपासा, मग मोजा

सगळ्या लेखातलं हे सर्वांत महत्त्वाचं आहे. मोजा नीला दाबतो, पण धमनी आधीच अरुंद झाली असेल तर तीही दबते. पावलाला रक्त पोचत नाही आणि बोटं काळी पडू शकतात.

बिडी-सिगारेट ओढणारे, जुनी शुगर असलेले, वय झालेले, चालताना पिंढरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो असे लोक, यांनी तपासणीशिवाय मोजा घालूच नये. डॉक्टर पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या मागे नाडी बघतात. शंका असेल तर घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी घेऊन घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागतात. तो १ च्या आसपास असला तर रक्त नीट पोचतंय. ०.८ च्या खाली आला तर तज्ज्ञाने सांगितल्याशिवाय घट्ट मोजा नाही. ०.५ च्या खाली तर नाहीच. जुन्या शुगरमध्ये धमन्या कडक होतात, त्यामुळे हा आकडा खोटा चांगला दिसू शकतो, हे डॉक्टरांना माहीत असतं; तुम्ही फक्त शुगर लपवू नका. बिडी आणि खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) लपवू नका. आमच्या घरच्यांनी डॉक्टरांसमोर खर्ऱ्याला ‘नाही’ म्हटलं होतं, मला तिथेच टोकावं लागलं.

पावलांची संवेदना गेली असेल, म्हणजे काटा रुतलेला कळत नसेल, तर मोजा रुतलेलाही कळणार नाही. कातडी लाल, गरम, पिकलेली असेल तर आधी तिचा इलाज. दोन्ही पाय सारखेच सुजतात आणि चढताना दम लागतो, तर हृदय किंवा किडनी तपासायची असते. तिथे मोज्याने पायातलं पाणी वर ढकलणं धोक्याचं ठरू शकतं.

आपल्या भागात आणखी दोन आजार ध्यानात ठेवावे लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत हत्तीरोग आहे. त्यातली सूज नीलेमुळे नसते, लसवाहिन्या (मांसात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या) बिघडल्याने असते. त्यासाठी आधी रक्ततपासणी, रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, आणि पट्टी किंवा मोजा वेगळ्या मापाने. दुसरा सिकलसेल. त्यात तरुण वयातच घोट्याजवळ जखम होते आणि ती लवकर भरत नाही. तिला ‘व्हेरिकोजची जखम’ समजून मोजा चढवू नका.

नीलेचीच जखम असेल आणि उघडी असेल, तर बहुतेक वेळा आधी दवाखान्यात थरांची पट्टी बांधतात. जखम भरल्यावर, ती पुन्हा होऊ नये म्हणून मोजा येतो.

४. माप: पहाटे, खाटेवरच

माप पाय सुजण्याच्या आधी घ्यायचं असतं. आणि आपली अडचण बघा: पहाटेची एसटी, तीन तास पाय लोंबकळत, मग ओपीडीच्या रांगेत उभं, नंबर येतो दुपारी बारा-एकला. तेव्हा कोणी टेप लावला तर सुजलेला पाय मोजला जातो. त्या मापाचा मोजा दुसऱ्या दिवशी सकाळी सैल पडतो आणि घोट्याजवळ चुण्या पडून रुततो.

म्हणून घरीच मापा. शिंप्याचा टेप आणा. रात्री पायाखाली गोधडी घालून झोपा. सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी घरातल्या कोणाला तरी हे मापायला सांगा, सेंटिमीटरमध्ये:

घोटा: हाडाच्या जरा वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथला घेर. हे माप सर्वांत महत्त्वाचं, कारण मोज्याचा ठरलेला दाब इथे पडायचा असतो.

पिंढरी: सर्वांत जाड भागाचा घेर.

लांबी: टाचेच्या तळापासून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खालपर्यंत.

मांडीपर्यंतचा मोजा सांगितला असेल तर मांडीच्या सर्वांत जाड भागाचा घेर आणि तिथवरची लांबीही. टेप कातडीला लागलेला असावा, रुतलेला नको. दोन्ही पाय वेगळे मापा. माझ्या डाव्या घोट्याचा घेर २५ आणि उजव्याचा २२.५ निघाला; दोन पायांना दोन साइजचे मोजे लागले. चिठ्ठीवर तारीख आणि ‘सकाळी, उठण्याआधी’ असं लिहा.

मापाला एवढं महत्त्व का? ताण तोच राहिला तर बारीक गोलाईवर दाब जास्त पडतो, जाड गोलाईवर कमी. म्हणून घोट्याच्या मापाचा नसलेला मोजा ठरल्यापेक्षा वेगळाच दाब देईल. नडगीच्या हाडाची धार बारीक, टाचेमागची दोरीसारखी कडक शीर बारीक. पहिले वळ तिथेच उठतात. फार किडकिडीत पाय असेल तर तिथे कापसाची पातळ गादी ठेवायला सिस्टरला विचारा.

५. दुकानात

चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘क्लास’ एवढंच नाही, दाबाचा आकडाही लिहून घ्या. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे १८ ते २१, क्लास २ म्हणजे २३ ते ३२, क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६ मिलिमीटर पारा. ब्रिटिश पद्धतीत तोच क्लास २ फक्त १८ ते २४ चा. डबा कोणत्या पद्धतीचा आहे हे आकड्यावरूनच कळतं. आकडा न छापलेला ‘टाइट सॉक्स’ घेऊ नका.

दवाखान्यात ऑपरेशननंतर पांढरे मोजे देतात, ते खाटेवर पडून असलेल्या रोग्यासाठी असतात. दाब कमी असतो. गिरणीवर किंवा वावरात उभ्या राहणाऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच. पुष्कळ जण तेच वर्षभर घालतात.

बहुतेकांना गुडघ्याखालपर्यंतचा पुरतो, तो घसरतही नाही. मांडीचा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितला तरच. बोटं उघडी असलेला आपल्याकडे सोयीचा. बोटांचा रंग दिसतो, चप्पल घालता येते. पैसे देण्याआधी, माप चुकलं तर बदलून मिळेल का, हे विचारा, आणि पक्कं बिल घ्या. जमलं तर दोन जोड घ्या.

६. चढवायचा कसा

जोडवी, तोरड्या, पैंजण आधी काढा. माझ्या पहिल्या मोज्याचा धागा जोडव्यानेच ओढला. जोडवी काढायला आमच्या आत्याबाई तयार नव्हत्या; मग त्यांना सांगितलं, मोजा चढला की पुन्हा घाला, बोटं तर उघडीच आहेत. नखं कापा, टाचेच्या भेगा दगडाने घासून गुळगुळीत ठेवा. हातात बांगड्या असतील तर मागे सारा.

सकाळी उठल्याबरोबर, खाटेवर बसूनच घाला. उठून ढोरांचं करून आलात तर आधी पंधरा-वीस मिनिटं पाय भिंतीला टेकवून, वर करून पडा. पाय कोरडा असावा. खोबरेल तेल रात्री लावा. सकाळी लावलं तर मोजा सरकतो आणि लवचीक धागाही लवकर जातो. थोडी पावडर चालते.

आता हात मोज्यात टाचेपर्यंत घाला, टाच आतून चिमटीत धरा आणि मोजा उलटा करून बाहेर ओढा. पावलाचा भाग आत राहील, खिसा तयार होईल. त्या खिशात पाऊल सरकवा, मोज्याची टाच तुमच्या टाचेवर बरोबर बसवा. मग उलटलेला भाग थोडा थोडा वर आणा. वरची पट्टी धरून खेचू नका. तळहातांनी चोळत सरकवा. हातात भांडी धुण्याचे रबरी मोजे घातले तर पकड अशी येते की निम्मी मेहनत वाचते. बोटं उघडी असलेल्या मोज्यासाठी पावलावर आधी पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, मोजा त्यावरून सहज सरकतो, मग पिशवी पुढून ओढून काढा. पहिल्या आठवड्यात मला वीस मिनिटं लागायची. आता चार लागतात.

सगळ्यांत मोठी चूक: मोजा लांब झाला म्हणून वरून दुमडणं. दुमड म्हणजे दुप्पट दाब, तोही नको त्या जागी. वर आवळलं आणि खाली सैल असलं की रक्त वर जायचं सोडून खालीच अडतं. माझा फोड याच दुमडीने झाला होता. लांब होत असेल तर खाली सारखा पसरवा. तरी उरत असेल तर साइज चुकली. चुण्याही दिवसातून दोनदा हात फिरवून काढा.

७. किती वेळ, आणि वावरात काय

सकाळपासून निजेपर्यंत. रात्री काढा, आडवं झाल्यावर नीलेतला दाब आपोआप उतरतो. सुरुवातीला मी दोन-तीन तासांपासून वाढवत नेलं, डॉक्टरांना विचारूनच.

एका जागी उभं राहावं लागत असेल तर दर थोड्या वेळाने टाचा वीस वेळा उचला. गिरणीत दळण पडत असताना मी हेच करते. मोटर तर चालली पाहिजे.

धानाच्या चिखलात मोजा घालून उतरू नका. ओला मोजा दिवसभर पायावर राहिला की कातडी भिजून पांढरी पडते, बोटांत चिखल्या होतात, आणि चिरलेल्या कातडीतून जंतू आत जातात. रोवणीच्या दिवसांत घरी आल्यावर पाय धुवा, बेचक्यांसकट पुसा, पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास पडा. मग रात्रीच्या कामापुरता मोजा. कापूस वेचताना, निंदताना मात्र घालता येतो, वरून जुनी सुती सलवार. काट्याकुट्याने धागा वाचतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा मोजा नकोसा होतो, हे मी मान्य करते. उन्हाने नीला आणखी फुगतात, म्हणजे गरज तेव्हाच जास्त. मी सकाळी घालते, दुपारी आडवं व्हायच्या वेळी काढते, संध्याकाळी पाय वर ठेवून पुन्हा चढवते. अजिबात सहन होत नसेल तर डॉक्टरांना कमी दाबाचा विचारा. पेटीतल्या घट्ट मोज्यापेक्षा पायातला हलका मोजा बरा.

८. धुणं

रोज, कोमट पाणी, साधा साबण. ब्लीच नाही, पिळणं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा. टिनावर, उन्हात टाकू नका, सावलीत पसरा. चार ते सहा महिन्यांत ताण जातो. मोजा सहज चढायला लागला की समजा, तो संपला.

९. या खुणा दिसल्या तर

बोटं निळी, पांढरी, गार किंवा बधिर झाली, मोजा घातल्यावर ठणका वाढला: लगेच काढा, पुन्हा घालू नका, दाखवा.

एकच पाय अचानक सुजला, पिंढरी दुखते, गरम लागते: खोल नीलेत गाठ असू शकते. चोळू नका, मालीश नको. त्यासोबत दम लागला किंवा छातीत कळ आली तर १०८ ला फोन करा. गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते.

फुगलेली नस फुटून रक्त लागलं: खाली निजा, पाय उंच करा, स्वच्छ फडकं जागेवर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा. वर दोरी, रुमाल आवळून बांधू नका. त्याने नीलेतलं रक्त अडतं आणि जास्त वाहतं. थांबलं तरी त्याच दिवशी दाखवा.

जखमेवर तंबाखू, राख, पाल्याचा लेप काहीच लावू नका.

१०. पुढचा जोड घेताना

जुन्या चिठ्ठीवर नवा जोड आणू नका. सूज उतरली की पाय बारीक होतो. सहा महिन्यांनी माझ्या मुलीने पहाटे पुन्हा टेप लावला तेव्हा डावा घोटा २५ चा २३ झाला होता. साइज एक पायरी खाली आली. जुनी चिठ्ठी फेकूही नका. दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांपुढे ठेवल्या की मोजा काम करतोय की नाही, हे त्यांना एका नजरेत दिसतं.